कुणाला किती फटके द्यायचे?



वसंत व्याख्यानमालेत गॉल्फ हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. काळजी नसावी. चेंडू कसा मारावा, हे मी सांगणार नाही. मला बोलायचं आहे ते या खेळातल्या हिशेबाबद्दल.

लहानपणी खेळताना सगळ्यांत धाकट्याला आपण कच्चा लिंबू करत असू. तो खेळात असायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही; आणि तो जिंकला, तरी ते कुणी धरायचं नाही. गॉल्फने सूट दिली, पण मोजून दिली. अठरा होलच्या फेरीत ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. दुबळ्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून त्याच्या हक्काचे फटके वजा करायचे आणि उरलेल्या आकड्यावर तो जिंकला, तर तो खराच जिंकला. या मोजलेल्या सवलतीचं नाव हॅन्डिकॅप.

आता ही सवलत ठरवायची कशी? आपल्या मनात पहिली येते ती सरासरी. पण सरासरीत माणसाचे आळसाचे, कंटाळ्याचे दिवसही येतात, आणि मग वाईट खेळणाऱ्याला त्याचं बक्षीस मिळतं. अमेरिकेत लेटन काल्किन्स यांनी १९०५मध्ये सुचवलेली पद्धत सर्वोत्तम तीन फेऱ्यांवर उभी होती. तेव्हाचं ते सूत्र आजही टिकून आहे: माणूस सहसा कसा खेळतो हे बाजूला ठेवा, तो किती चांगलं खेळू शकतो ते पाहा.

जगात बराच काळ सहा मोठ्या पद्धती नांदत होत्या. अमेरिकेची एक, ब्रिटन-आयर्लंडची दुसरी, युरोपची तिसरी. शिवाय ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांच्या आपापल्या. जानेवारी २०२०पासून यूएसजीए आणि आर अँड ए या दोन नियामक संस्थांनी त्या एकत्र आणून जागतिक हॅन्डिकॅप पद्धत सुरू केली. तिचं मुख्य सूत्र असं: शेवटच्या वीस फेऱ्या घ्या, त्यांतल्या सर्वोत्तम आठ निवडा आणि त्यांची सरासरी काढा. हा झाला हॅन्डिकॅप इंडेक्स. त्याची कमाल मर्यादा ५४.

पण फेऱ्या तरी एकमेकींशी तोलायच्या कशा? सोप्या मैदानावरचे ९५ फटके आणि अवघड मैदानावरचे ९५ फटके सारखे नसतात. म्हणून प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग: शून्य हॅन्डिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत. दुसरा स्लोप रेटिंग, आणि खरी गंमत यात आहे. समोर तळं असेल, तर कसलेला खेळाडू चेंडू त्यावरून सहज नेतो. सामान्य खेळाडूचा चेंडू पाण्यात जातो. म्हणजे अवघड मैदान सगळ्यांना सारखं अवघड नसतं. दुबळ्याला ते किती जास्त जड जातं, हे स्लोप सांगतो. तो ५५ ते १५५ यांच्यात असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा धरतात. ही कल्पना अमेरिकी नौदलातले अधिकारी डीन नुथ यांची. १९८२मध्ये ती प्रथम कोलोरॅडोत वापरात आली.

आता आकडेमोड करून पाहू. एका मैदानाचं रेटिंग ७१.२, स्लोप १२८. तिथे तुम्हाला ९५ फटके लागले. ९५मधून ७१.२ गेले, उरले २३.८. त्याला ११३ने गुणा, १२८ने भागा: २१.०. दुसऱ्या, सोप्या मैदानाचं रेटिंग ६८.९, स्लोप ११३. तिथे त्याच ९५ फटक्यांचे होतात २६.१. कार्डावर आकडा एकच, पण पहिली फेरी पाच फटक्यांनी सरस ठरली.

खेळायला जाताना हाच हिशेब उलटा करायचा. इंडेक्स १८.४ असेल, तर पहिल्या मैदानावर १८.४ला १२८ने गुणून ११३ने भागायचं आणि रेटिंगमधून पार, म्हणजे त्या मैदानासाठी ठरलेले अपेक्षित फटके, वजा करून येणारा आकडा त्यात मिळवायचा. पार ७२ असेल, तर उत्तर येतं २०. दुसऱ्या मैदानाचा पार ७० असेल, तर १७. मैदान बदललं की सवलत बदलते.

आता उरतो माणूस, आणि माणूस दोन प्रकारे लबाडी करतो. कुणाला लहान आकडा मिरवायचा असतो. तो वाईट फेऱ्यांची कार्डं भरतच नाही. कुणाला बक्षीस हवं असतं. तो मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवतो. दुसरा जास्त घातक, म्हणून बहुतेक कुंपणं त्याच्यासाठी आहेत. एखाद्या होलवर कुणी बारा-पंधरा फटके घेतले, तरी हिशेबात त्या होलचा पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे सवलतीचे फटके, एवढेच धरतात. वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा वाढ तीनच्या पुढे गेली, की वरची वाढ निम्मीच मोजतात. पाचच्या पुढे तर आकडा जातच नाही. उलट एखादी फेरी इंडेक्सपेक्षा सात फटक्यांनी सरस आली, तर इंडेक्स एकने उतरतो. दहाने आली, तर दोनने. चढायला पायऱ्या, उतरायला घसरगुंडी!

पहिल्या लबाडासाठी मात्र कुंपण फारसं नाही, कारण त्याची शिक्षा त्यालाच होते: स्पर्धेत तो हक्काचे फटके गमावून बसतो.

सर्वोत्तम आठ घेतल्यामुळे आणखी एक होतं. आपल्या हॅन्डिकॅपइतका चांगला खेळ माणसाकडून चार-पाच फेऱ्यांत एकदाच होतो. म्हणून रोज हरणाऱ्याने हिशेब चुकला असं समजू नये. तो आकडा मुळातच त्याच्या चांगल्या दिवसाचा असतो. आणि ज्याला आपला आकडा खरा हवा, त्याने एवढंच पाळावं: प्रत्येक फेरी मनापासून खेळावी आणि तिचं कार्ड, कसंही असो, भरावं. सूत्र कितीही बारीक केलं, तरी त्यात घालायचे आकडे खेळणाऱ्याकडूनच येतात.