पाया खोदण्याआधी घरात फिरून बघू

व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की न बांधलेल्या घरात फिरता येतं. माणूस कुठे थबकतो, कुठे त्याला कोंडल्यासारखं वाटतं, हे अभ्यासक त्यातून टिपतात.

आम्हाला आपला मराठवाडा आठवला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कितीतरी गावं नव्या जागी वसली. सरळ रुंद रस्ते, ओळीनं एकसारखी घरं. कागदावर सगळं नीटनेटकं. पण वाड्यातलं अंगण, बायकांचा आडोसा त्यात कुठे होता?

छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या खेड्यांत चष्मा नसेल, फक्की तर आहे! घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. तेवढं जागेवर आखा. चुलीपाशी बसा. न्हाणीच्या दारातून रस्ता दिसतो का बघा. सासूबाईंनाही चालवा, त्यांना जास्त दिसतं. अडलं तर गवंड्याला तेव्हाच सांगा, फक्की पुसायला पैसे पडत नाहीत.