तक्रारीचा लखोटा आणि कर्मचाऱ्याचा विश्वास

(दक्षता जनजागृती सप्ताहानिमित्त कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सरदार वल्लभभाई पटेल यांची जयंती ३१ ऑक्टोबरला येते. ती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा केंद्रीय दक्षता आयोगाच्या वतीने दक्षता जनजागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. कार्यालयांतून सचोटीची प्रतिज्ञा होते, भित्तिपत्रके लागतात आणि गैरव्यवहार दिसल्यास तो निर्भयपणे कळवावा असे आवाहन केले जाते. कळविणाऱ्याचे पुढे काय होते, याविषयी मात्र त्या सप्ताहात फारसे बोलले जात नाही.

कर्मचारी गप्प बसतो तो उदासीनतेमुळे, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. कार्यालयातील कागद कसा फिरतो हे कर्मचाऱ्याला इतरांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते, आणि त्या माहितीमुळेच तो लेखणी खाली ठेवतो. पत्र आले की ते टपाल शाखेत उघडले जाते. आवक नोंदवहीत पाठविणाऱ्याचे नाव व विषय लिहिला जातो. वरिष्ठ त्यावर शेरा मारतात, पत्र कार्यासनाकडे जाते, तेथे टिपणी तयार होते आणि बहुधा मूळ पत्राची प्रत जोडून ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ अशा पृष्ठांकनासह ते खालच्या कार्यालयाकडे रवाना होते. ज्या कार्यालयाच्या कारभाराविषयी तक्रार असते, त्याच कार्यालयात ती तक्रारदाराच्या स्वाक्षरीसह येऊन दाखल होते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. टपालाची नेहमीची वाट तेवढे काम करून जाते.

या वाटेची किंमत देशाने एकदा फार जवळून पाहिली. सत्येंद्र दुबे हे बिहारमधील सिवान जिल्ह्याचे रहिवासी. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात रुजू झाले होते. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामात मोठे कंत्राटदार आपली कामे लहान व अपात्र उपकंत्राटदारांना देऊन टाकीत असल्याचे आणि कामाचा दर्जा त्यामुळे घसरत असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. पत्र निनावी समजून बाजूला पडू नये म्हणून आपली ओळख देणारा मजकूर त्यांनी वेगळ्या कागदावर जोडला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र पुढे मंत्रालयाकडे आणि प्राधिकरणाकडे गेले. नाव त्याच्याबरोबर गेले.

२७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गया येथे दुबे यांची गोळी घालून हत्या झाली. हा खून लुटीच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष केंद्रीय अन्वेषण विभागाने काढला आणि २०१० साली न्यायालयाने तिघांना जन्मठेप सुनावली. हेतूविषयीचा तो निष्कर्ष दुबे यांच्या कुटुंबीयांना पटला नाही. हत्येचे कारण कोणतेही मानले, तरी गुप्त ठेवण्याची विनंती केलेले नाव कार्यालयाकार्यालयांतून फिरले, या वस्तुस्थितीत फरक पडत नाही.

या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने जनहितार्थ माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढला. अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविण्यात आले. या ठरावाचे वैशिष्ट्य असे की, त्याने टपालाची नेहमीची वाटच बदलली. तक्रार बंद लखोट्यात, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावयाची आणि ती या ठरावाखालील तक्रार असल्याचे लखोट्यावर ठळकपणे लिहावयाचे. तसे लिहिले नसेल तर लखोटा सर्वसाधारण टपालात उघडला जातो आणि मग नाव गुप्त ठेवण्याची हमी आयोगाला देता येत नाही. तक्रारदाराचे नाव व पत्ता आतील पत्रात असावाच लागतो; निनावी तक्रारींचा विचार होत नाही. तक्रार खरोखर त्याच व्यक्तीने केली आहे काय, याची आयोग आधी खातरजमा करतो आणि त्यानंतर नाव वगळून केवळ मजकूर चौकशीसाठी पुढे पाठवितो.

मजकूर लिहिताना घ्यावयाची एक काळजी आयोगाने आवर्जून सांगितली आहे, आणि अनुभवी कर्मचाऱ्याला तिचे महत्त्व चटकन पटेल. लेखकाची ओळख पटेल असा धागा मजकुरात राहू नये. एखादे देयक दोघांच्याच हातांतून गेले असेल आणि तक्रारीत त्या देयकाचा दिनांक व त्यावरील शेरा शब्दशः आला असेल, तर वरचे नाव खोडून काय उपयोग? लहान कार्यालयात हस्ताक्षर ओळखले जाते, वाक्यरचनाही ओळखली जाते. ‘मी तोंडी हरकत घेतली होती’ एवढे एक वाक्य सगळे सांगून टाकते. कोणती नोंद तपासावी हे स्पष्ट लिहावे. ती आपल्यापर्यंत कशी आली, हे लिहू नये.

अशी माहिती देणाऱ्याला मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द योजला आहे. शब्द नेमका आहे, पण एक भेद राहतो. गावाच्या राखणीला रात्री जागणारा जागल्या कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक असे, आणि त्याची हाक ऐकून लोक बाहेर येत. कार्यालयातील जागल्याला हाक देऊन अंधारातच उभे राहावे लागते.

ठरावात एक कठीण जागाही आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून आयोग तक्रारीची पोच देत नाही आणि तक्रारदाराने पुढे पत्रव्यवहार करू नये असेही सांगतो. सावधगिरी म्हणून हे योग्यच आहे. परंतु पत्र पोहोचले की नाही, त्यावर काही झाले की नाही, हे न कळता महिनोन्‌महिने त्याच मेजावर, त्याच वरिष्ठांसमोर बसणे किती जड जाते याची कल्पना नियम लिहिणाऱ्याला यावी कशी? तक्रार केल्यावरून त्रास होऊ लागला तर आयोगाकडे दाद मागता येते आणि आयोग संबंधितांना निर्देश देऊ शकतो, एवढा आधार मात्र आहे.

हा ठराव केंद्र शासन व त्याच्या अखत्यारीतील उपक्रमांपुरता आहे. राज्यांनाही लागू होणाऱ्या कायद्याला ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले आहे. महिलांच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यात तर तक्रार समितीवर बाहेरचा सदस्य असतो आणि नाव फोडणाऱ्यास दंडही आहे.

महाराष्ट्रात लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. इतर गैरप्रकारांबाबत तोंड उघडणाऱ्याला जी भीती असते, ती बहुतेक वेळा बदलीची. मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, कर्जाचे हप्ते यांचा हिशेब मांडूनच माणूस गप्प बसतो. या बाबतीत राज्याचा २००५ चा बदल्यांचे विनियमन करणारा अधिनियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो जागल्यांसाठी केलेला नाही. परंतु एका पदावरील सर्वसाधारण कालावधी त्याने तीन वर्षांचा ठरविला असून, त्याआधी बदली करावयाची तर कारणे लेखी नमूद करावी लागतात आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. अकाली बदलीचा आदेश हाती पडलेल्या कर्मचाऱ्याने प्रथम ती लेखी कारणे मागावीत. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जावयाचे झाल्यास हाच कागद पाहिला जातो.