यमराजाच्या दप्तरातली चूक



‘आवडता खलनायक’ या विषयावर बोला, असं कार्यवाहांनी सांगितलं. आधीच्या वक्त्यांनी निळू फुले आणि अमरीश पुरी घेऊन टाकले, तेव्हा आमच्या वाट्याला यमराज आला. बरंच झालं. सुलतान बाजारात वाढलेल्या आम्हा मराठी पोरांचा यम पोथीतला नव्हेच, तो टीव्हीवर तेलुगूत गरजणारा कैकाला सत्यनारायण यांचा. डिसेंबर २०२२ मध्ये ते याच शहरात गेले.

‘यमुडिकी मोगुडु’ हा चिरंजीवींचा १९८८ चा चित्रपट. शब्दशः ‘यमाचा नवरा’, म्हणजे यमालाही पुरून उरणारा. नायकाचा खून होतो. यमलोकात गेल्यावर कळतं की त्याची वेळ आलेलीच नव्हती, चूक यमाच्या माणसांची! तो भर दरबारात भांडतो. परत पाठवावं, तर इकडे देहाचं दहन झालेलं. शेवटी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याच्या देहात त्याची रवानगी होते.

सत्यनारायण यांचा अभिनय अति आहे, मान्य. वटारलेले डोळे, गदा, गडगडाटी हसू. पण तो तसाच हवा. एवढा गरजणारा देव स्वतःच्या दप्तरातल्या चुकीपुढे चपापतो, तेव्हाच तर मजा येते. ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’मध्ये (१९९७) अल पचिनोही असाच मोकाट सुटलाय. पण तो न्यूयॉर्कात वकिलांची फर्म चालवणारा सैतान, कायदा हवा तसा वाकवतो. आपल्या यमाला ती सोय नाही. चूक सापडली की निस्तरावी लागते.

आम्ही डिप्लोमावर सरकारी नोकरीत लागलो, दप्तरातच केस पिकले. म्हणून हा चित्रपट आता पूर्वीसारखा हसत बघवत नाही. एका निवृत्त शिपायाच्या पेन्शनच्या कागदात आमच्या हातून आडनावाचं एक अक्षर चुकलं. बँकेत नाव जुळेना. चार महिने त्यांनी खेटे घातले. ‘वरून उत्तर येऊ द्या’ हे आमचं ठरलेलं वाक्य. चूक आमचीच, हे दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. बोललो नाही. त्यांना भांडता येत नव्हतं, आणि आमच्यावर गरजणारंही कोणी नव्हतं.

दुरुस्ती झाली त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. पहिला आमच्या हातावर ठेवला. आम्ही तो खाल्ला.