चिंचोटीची मोळी आणि श्रावकाचा आचार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



धर्मसभेत मोळीविक्या बाईचा विषय कुणास आगंतुक वाटेल. परंतु श्रीपाल-मयणेच्या कथेतील सोपारक ज्या वसई परिसरात आहे, त्याच परिसरात चिंचोटीच्या पाठीशी तुंगारेश्वराचे अरण्य उभे आहे आणि तेथील सुकी लाकडे डोक्यावर वाहून आणणाऱ्या स्त्रियांचा संबंध श्रावकाच्या चुलीशी पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत पहिले इंगालकर्म, म्हणजे कोळशाचा व्यवसाय, आणि दुसरे वनकर्म, म्हणजे वृक्ष तोडून विकणे. रानास वणवा लावणे हेही त्याच यादीत येते. या उपदेशामुळे अनेक श्रावक घराण्यांनी लाकडाच्या धंद्यापासून स्वतःस दूर ठेवले, हे भूषणच. मात्र शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही मार्ग मोजते. विकणारीचा दोष पाहताना विकत घेणाऱ्याचा हिशेब कोरा राहत नाही.

मोळीवालीला जंगलाची चाड नाही, असा शहरी समज आहे. तो पुरता खरा नाही. वारली, मल्हार कोळी, काथोडी ही इथली रानाची माणसे. काथोडी हे नावच खैराच्या काथावरून पडले. वनकायदे कडक होत गेले तसा काथाचा व्यवसाय सुटला. मोळी, वीटभट्टी आणि मोलमजुरी उरली. पहाटे कोयता व चुंबळ घेऊन निघालेली बाई पंचवीस-तीस किलोंचा भार घेऊन उतरते. ओले लाकूड जड, धूर करणारे आणि भाव न मिळणारे. म्हणून ती आपोआपच वाळलेल्याकडे वळते. मोहासारखे फळ-फूल देणारे झाड तोडले तर उद्याचे अन्न जाते, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. जंगल किती मागे सरले, हे तिच्या पायांना वनखात्याच्या नकाशाआधी कळते.

तरीही तिचे चित्र निव्वळ गोजिरे रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जवळचे सुके लाकूड संपले की झाडाची साल वर्तुळाकार सोलून ठेवायची आणि ते वाळले की पुढे तोडायचे, ही युक्तीही रानात चालते. झाड मरते आणि तोडणाऱ्याच्या हाती ‘सुके’ लाकूड येते.

जंबूवृक्षाखालील सहा पुरुषांचा लेश्यांचा दृष्टांत येथे आठवावा. कृष्णलेश्येचा मनुष्य झाड मुळासकट पाडू पाहतो, कुणी मोठ्या फांद्या, कुणी डहाळ्या मागतो आणि शुक्ललेश्येचा खाली पडलेल्या फळांवर तृप्त होतो. गळून पडलेल्या काटक्या वेचणारी बाई कोणत्या पायरीवर आहे? आणि तिला साल सोलण्यापर्यंत नेणारी मागणी कोणत्या? बेकरी, वीटभट्टी आणि मोठ्या जेवणावळी यांची मागणी डोक्यावरच्या मोळीने भागत नाही. तेथे टेम्पो लागतो. मोळीवाली मात्र नाक्यावर सर्वांना दिसते, म्हणून तीच अडवली जाते.

कायद्याची स्थितीही अवघड. २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य घोषित झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तेथून परवान्याविना वनोपज नेणे गुन्हा ठरला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने झुडपी लाकूड व खुंट गौण वनोपजांत धरले, तर २००८ च्या नियमांनी डोक्यावरून, सायकलवरून वा हातगाडीवरून वाहतूक मान्य केली. कागदावर असा हक्क असताना तिच्या मनात मात्र पकडले जाण्याची भीती असते. आणि जे जंगल आपले राहिले नाही असे वाटते, ते उद्यासाठी राखावे कुणी?

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, पण सिलिंडर पुन्हा भरण्यास रोख पैसा लागतो आणि तो मोळी विकूनच यायचा! जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्यास सांगितले. हवेसाठी ते योग्यच. लाकूड पुरवणाऱ्यांच्या पोटाची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

पूर्वी श्राविका चुलीत लाकूड सारण्याआधी ते आपटून, पुंजणीने झाडून घेत. त्यातील जीव वाचावा म्हणून. त्या जयणेचा हात आता लाकूड जेथून आले तेथवर पोहोचावा. स्वामीवात्सल्याच्या स्वयंपाकाचे कंत्राट देताना इंधन कोणते, कुठून आले, हे विश्वस्तांनी विचारावे. लाकडाऐवजी गॅस घेतला, तर पाड्यावरील त्याच स्त्रियांना रोपवाटिकेचे वा पत्रावळींचे काम देता येईल का, याचा विचार या वर्षीच्या अंदाजपत्रकात व्हावा.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.