रस्त्याचें नांव आणि आपलें ऋण

(ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द आपणांस जुन्या करारांतून मिळाला. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें व ज्याची भूमि त्यास परत द्यावी, अशी इस्राएल लोकांस आज्ञा होती. म्हणून अशा वर्षीं पताका व दिवे लावून भागत नाहीं. कोणाचें काय देणें राहिलें आहे, याचा हिशेबही केला पाहिजे. त्यांतील एका देण्याविषयीं मी आज बोलणार आहें. देशासाठीं पडलेल्या शिपायाचें नांव आपण रस्त्यास किंवा चौकास देतों. तें दिल्यावर आपण ऋणमुक्त झालों काय?

या प्रश्नाचा विचार करितांना लान्स नायक अल्बर्ट एक्का यांचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवूं. छोटा नागपुरांत, आजच्या झारखंडांतील गुमला जिल्ह्यांत, जारी नांवाचें लहान गांव आहे. तेथील एका उरांव आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांत 27 डिसेंबर 1942 रोजीं त्यांचा जन्म झाला. पित्याचें नांव जूलियस, मातेचें मरियम. 1962 सालीं ते बिहार रेजिमेंटमध्यें भरती झाले व पुढें ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या 14 व्या पलटणींत गेले.

1971 च्या डिसेंबरांत पूर्व आघाडीवर युद्ध पेटलें, तेव्हां या पलटणीस गंगासागर येथील शत्रूचें ठाणें घेण्याचा हुकूम झाला. आगरतळ्याच्या पश्चिमेस, सीमेपलीकडे, हें ठाणें होतें. हल्ला चढतांच एका मोर्च्यांतील मशीनगनेनें कंपनीचीं माणसें पडूं लागलीं. एक्का एकटे त्या मोर्च्यावर धांवून गेले; संगिनीनें दोघां शिपायांस पाडून त्यांनीं ती तोफ बंद केली. या धडकेंत ते जबर जखमी झाले. तरीही मागें न फिरतां ते एकामागून एक मोर्चे साफ करीत सोबत्यांबरोबर मैलभर पुढें गेले. उत्तर टोंकास एका भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन सुरू झाली व हल्ला थबकला. एक्का सरपटत इमारतीपाशीं पोहोंचले व त्यांनीं आंत हातबॉम्ब फेंकला. गोळीबार थांबेना, तेव्हां ते बाजूच्या भिंतीवर चढले, आंत शिरले व संगिनीनें ती तोफही त्यांनीं मुकी केली. ठाणें हातीं आलें; पण त्या जखमांनीं त्यांचा अंत झाला. वयाचीं 29 वर्षें भरावयास कांहीं दिवस उणे होते.

त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्या युद्धांत पूर्व आघाडीवर हा मान दुसऱ्या कोणासही मिळाला नाहीं. हें पदक, आपणांस सांगावयास आनंद वाटतो कीं, स्वित्झर्लंडांत जन्मून महाराष्ट्राच्या स्नुषा झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनीं रेखिलें आहे.

पुढें सन्मान पुष्कळ झाले. 2000 सालीं टपालाचें तिकीट निघालें. गुमला जिल्ह्यांतील एका तालुक्यास त्यांचें नांव मिळालें. आगरतळ्यास त्यांच्या नांवाचें उद्यान झालें, आणि 23 जानेवारी 2023 रोजीं अंदमानांतील एका बेटास त्यांचें नांव देण्यांत आलें. रांचीच्या मुख्य रस्त्यावरील चौकास अल्बर्ट एक्का चौक म्हणतात. मध्यभागीं त्यांचा पुतळा आहे.

पण याच चौकास पूर्वीं एका दुकानावरून फिरायालाल चौक म्हणत, आणि तें नांवही अद्याप लोकांच्या तोंडीं आहे. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं; जीभ संवयीची दासी असते. बोध मात्र घेण्यासारखा आहे. पाटी सरकार लावूं शकतें; ओंठांवर नांव आपणच आणावें लागतें. आणि दुसरी गोष्ट ध्यानांत घ्या. एक्का यांचा देह आगरतळ्याजवळच मातीस मिळाला. त्या जागेची माती त्यांच्या जारी गांवीं यावयास चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. चौकास नांव होतें, पुतळा होता. घरच्या माणसांस मात्र डोकें टेंकावयास मूठभर माती नव्हती.

आपल्या वांद्रें-वसईकडे आळीआळींतून वाटेच्या कडेस क्रूस आहेत. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां त्यांतील कित्येक उभारले गेले. ते कोणी उभारले हें आज पुष्कळांस ठाऊक नाहीं. तरी कोणी फुलें वाहतो, कोणी मेणबत्ती लावतो, मे महिन्यांत शेजारी जमून रोझरी म्हणतात. म्हणून तो दगड जिवंत राहिला आहे. रस्त्याच्या नांवाचेंही तसेंच आहे. तें राखणारा कोणी नसेल, तर तें केवळ टपालवाल्याच्या सोयीचें होतें.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. जेथें शिपायाच्या नांवाचा रस्ता असेल, तेथें पाटीखालीं त्याचें गांव, वर्ष व कृत्य दोन ओळींत लिहिलें जावें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांस त्याची हकीकत सांगावी. त्याच्या मृत्युदिनीं मिस्सा अर्पण करावा, आणि त्या रात्रीं समोरच्या बाजूस जे पडले, त्यांनाही प्रार्थनेंतून वगळूं नये. तेही कोणा मातेचे पुत्र होते. शेवटीं, त्याच्या घरीं कोण आहे, चूल पेटते कीं नाहीं, याची चौकशी पुतळ्यास हार घालण्यापूर्वीं करावी.

अल्बर्ट हें नांव ऐकून आपला ऊर भरून येतो, हें साहजिक आहे. पण या अभिमानास मर्यादा असावी. ज्या सोबत्यांसाठीं ते भिंत चढले, त्यांपैकीं कोण कोणत्या देवाचें नांव घेतो, हें त्यांनीं विचारिलें नव्हतें. प्रीतीची परिसीमा कोठें होते, हें प्रभूनें अखेरच्या भोजनाच्या रात्रीं शिष्यांस सांगितलें व दुसऱ्या दिवशीं क्रूसावर दाखविलें. जारीच्या या पुत्रानें तोच धडा आपल्यापरीनें गिरविला.

दयाघन परमेश्वर त्यांच्या आत्म्यास, व रणांगणीं पडलेल्या सर्वांच्या आत्म्यांस, चिरशांति देवो, आणि त्यांचीं नांवें ज्यांच्या वाटेवर आहेत, त्या आम्हां सर्वांस त्या वाटेनें कृतज्ञतेनें चालण्याची बुद्धि देवो.