होडीतून पाहिलेली आपली खाडी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहताईंनी सहलीविषयी बोलायला मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषण असे काही जमणार नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत आम्ही दहाजणी होडीने हिंडलो, तिथे काय पाहिले ते सांगते. ज्यांना घरच्या व्यापामुळे येता आले नाही त्यांनी तरी ऐकावे.

आपल्यापैकी कितीतरीजणींचा जन्म खाडीकाठी गेला; पण आपली तिच्याशी ओळख मासळीच्या टोपलीपुरती. होडीत बसावे ते पुरुषांनी! मांडवीत मात्र २०१७ सालापासून स्वामिनी बचतगटाच्या बायका लोकांना कांदळवन दाखवीत आहेत, आणि वल्ही त्या स्वतःच मारतात. इंजिनाची घरघर नसल्यामुळे पाखरे बिचकत नाहीत.

आम्ही चतुर्थीला गेलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो, हे आपल्या सासवांना तोंडपाठ होते. चतुर्थीला तीनचा सुमार, अष्टमीला सहाचा; थोडे मागेपुढे होते. त्यामुळे जेवणे आटोपून निघालो, चढत्या पाण्याबरोबर आत शिरलो आणि ओहोटीबरोबर परतलो.

कांदळाचे झाड पाहून मी थक्कच झाले. खोडापासून चोहोबाजूंनी मुळे चिखलात उतरलेली, जणू मांडवाला टेकू दिले आहेत. त्याचे बी झाडावरच रुजते. हिरव्या शेंगेसारखे लांब लोंबते, वाढते आणि मग खाली पडून चिखलात उभे रुतते. पाणी असले तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. आमच्यातली एक म्हणाली, "अगो, हे तर बाळंतपणाला माहेरीच राहिले!" तिवराची मुळे उलटी, चिखलातून बोटांसारखी वर आलेली, झाड त्यांनी श्वास घेते. त्याचे पान चाटून पाहिले, खारट लागले. पांढऱ्या चिप्पीचे फूल रात्री उमलते, म्हणून ते काही दिसले नाही. हिला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरवले आहे.

पाणी उतरू लागले आणि खरी मौज सुरू झाली. निवटी परांवर रेटा देत चिखलात सरपटत होती. मासळी असून पाण्याबाहेर कशी, याचे उत्तर असे की ओल्या कातडीतूनही तिला श्वास घेता येतो. चिमुकले खेकडे बिळांतून बाहेर आले. त्यांतल्या नराची एकच नांगी भलीमोठी, ती हलवून तो मादीला बोलावतो. यावर जे हसू झाले ते इथे सांगत नाही. ढोकरी चिखलाच्याच रंगाची. उडाली आणि पंख पांढरेशुभ्र दिसले, तेव्हा कळले की ती हाकेच्या अंतरावर बसली होती. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा तुतवार शेपूट खालीवर करीत काठाने चालला होता. पाणमांजर दिसले नाही. त्यासाठी पहाटे या, असे वल्हेवाल्या ताई म्हणाल्या.

आता जे पाहवले नाही ते सांगते. तिवराच्या त्या वर आलेल्या मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या, निर्माल्याच्या पिशव्या गाठीसकट. त्या कोणी परगावच्याने आणून टाकल्या नव्हत्या. नाक दाबल्यावर माणसाचे होईल तेच झाडाचे होते. सुंगटांची आणि कुर्ल्यांची पिल्ले याच मुळांत वाढतात, म्हणजे टोपली रिकामी राहिली तर दोष कोळणीला देता येणार नाही. शेजारच्या आळीत "ही झाडी तोडा, डास होतात" असे बोलणे ऐकते. तोडायला कायद्याने मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ साली तसा निकाल दिला आहे. आणि झाडी गेली तर होडी घेऊन त्या बायकांनी दाखवायचे काय?

म्हणून मंडळापुढे माझी दोन मागणी आहेत. निर्माल्यासाठी देवळामागे खड्डा काढावा. जागेविषयी पुजारीकाकांशी मी बोलले आहे. आणि यंदाच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे न लुटता नारळ किंवा रोपे लुटावीत. खर्चाचा हिशेब कार्यवाहताईंकडे दिला आहे.

पुढची फेरी मार्गशीर्षातल्या चतुर्थीला. नावे आजच द्यावीत, होडीत जागा मोजकीच असते.