‘ब्लू पोल्स’ : लोकांचे चित्र, दलालांचा हिशेब



ऑस्ट्रेलियात २३ वर्षांच्या विरोधी बाकांवरील वनवासानंतर, डिसेंबर १९७२ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. पुढच्याच वर्षी गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने कॅनबेराच्या नियोजित राष्ट्रीय कलासंग्रहालयासाठी जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचे ‘ब्लू पोल्स’ हे अमूर्त चित्र १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सना विकत घेतले. दारूच्या नशेत उडवलेल्या शिंतोड्यांवर जनतेचा पैसा उधळला, अशी हाकाटी वृत्तपत्रांनी सुरू केली.

१० लाखांवरील खरेदी संचालक जेम्स मॉलिसन यांच्या अधिकारात नव्हती. व्हिटलम यांनी संमती दिली, आणि किंमतही जाहीर करावयास लावली. लोकांचा पैसा खर्चायचा तर लोकांच्या शिव्या खाण्याची तयारी हवी, हे त्यांना उमगले होते. (त्या वर्षीच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर त्यांनी तेच चित्र छापले, यात थोडी मिजासही होतीच!)

चित्रासाठी गरिबाच्या तोंडचा घास काढला, हा आरोप मात्र टिकत नाही. याच सरकारने १९७४ साली विद्यापीठांचे शुल्क रद्द केले आणि १९७५ साली ‘मेडिबँक’ ही सार्वत्रिक आरोग्यविमा योजना सुरू केली. त्या योजनेची वाट सिनेटमध्ये अडवली होती ती विरोधी पक्षांनीच.

पोलॉक हा मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारच्या कलाप्रकल्पातील वेतनावर जगलेला माणूस. १९३६ साली मेक्सिकोचे कम्युनिस्ट भित्तिचित्रकार सिकेरोस यांच्या न्यूयॉर्कमधील कार्यशाळेत त्याने कारखानी रंग ओतण्या-शिंपडण्याचे प्रयोग जवळून पाहिले. एवढ्याने त्याचे १९५२ चे हे चित्र समाजवादी ठरत नाही, आणि ते कार्यकर्त्यांना आवडलेच पाहिजे असा पक्षादेशही कोणी काढू नये. परंतु ‘आम्हांला कळत नाही’ म्हणून ते सार्वजनिक भिंतीवर नको, हा युक्तिवाद कामगाराच्या बुद्धीचाच अवमान करतो.

२०१६ साली लिबरल पक्षाच्या एका सिनेटरने चित्र विकून कर्ज फेडण्याची सूचना केली. तोवर त्याचे मूल्य सुमारे ३५ कोटी डॉलर्स सांगितले जात होते. खेदाची गोष्ट ही, की चित्राचे समर्थकही याच आकड्याचा हवाला देतात: पाहा, व्हिटलम यांचा सौदा किती किफायतशीर ठरला! ही दलालाची भाषा आहे. उद्या बाजार कोसळला तर खरेदी चूक ठरणार काय? १९७३ पूर्वी हे चित्र न्यूयॉर्कमध्ये बेन हेलर या संग्राहकाच्या घरी टांगलेले होते. आज संग्रहालयाचा कायम संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो. विक्री झाली असती तर ते पुन्हा अशाच एखाद्या धनिकाच्या भिंतीवर गेले असते.